तीन वर्षांनी जाणाऱ्या कुटुंबाने मदत कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या कंपनीत जर्मनीहून एक कुटुंब तीन वर्षांच्या करारावर पुण्यात आलं आहे, राहायला कल्याणीनगरला. नवरा कंपनीत, बाई फिजिओथेरपिस्ट, पण व्हिसामुळे त्यांना नोकरी करता येत नाही. मुलं अकरा आणि सात वर्षांची. सोसायटीच्या गेटबाहेर पडलं की दहा-पंधरा मिनिटांवर येरवड्याच्या वस्त्या. हे अंतर त्यांना सहन होत नाही. म्हणून घरकाम करणाऱ्या ताईंच्या सहावीतल्या मुलीला मनपाच्या शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घालायचं, वस्तीत जाऊन मुलांना शिकवायचं आणि जर्मनीतल्या मित्रांकडून पैसे गोळा करून एका छोट्या संस्थेला द्यायचे, असं त्यांच्या मनात आहे. त्यांना काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये सव्वीस वर्षं काम करते आहे. अशी बरीच कुटुंबं पाहिली, त्यातली बहुतेक मनापासून चांगली होती. म्हणून आधी एकच विचारते: ते परत कधी जाणार? करार तीन वर्षांचा असेल तर आजच ती तारीख कॅलेंडरवर लिहायला सांगा. कुठलीही मदत ठरवताना, आपण गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिचं काय होईल, हे आधी बघायचं. माझ्या अनुभवात हा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढं वाईट हेतूमुळे कधी झालं नाही.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका परदेशी कुटुंबाने त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या मुलीला चांगल्या इंग्रजी शाळेत घातलं. ज्युनिअर केजी, सीनिअर केजी, पहिली. फी, बस, गणवेश, बूट सगळं त्यांनी केलं. मग बदली झाली. जाताना त्यांनी पुढच्या वर्षाची अर्धी फी देऊन ठेवली, मिठी मारून रडले आणि गेले. आईने पुढचे दोन हप्ते सावकाराकडून काढून भरले. तिसरा जमला नाही. मुलगी मनपाच्या मराठी शाळेत आली आणि आमच्या अभ्यासवर्गात बसू लागली. ती फळ्यावरचं कसं उतरवायची, ते अजून डोळ्यांसमोर आहे. वहीत आधी एक लांब शिरोरेषा ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायची. वाचून नाही, चित्र बघून. वाच म्हटलं की वहीवर तळहात ठेवायची. इंग्रजी कविता घडाघडा म्हणणारी मुलगी ‘बदक’ वाचू शकत नव्हती, आणि शेजारच्या लहान मुलांना ते समजलं होतं. तिला मराठी वाचायला लागायला दीड वर्ष गेलं. शाळेत घालताना त्या कुटुंबाने मला विचारलं होतं. ‘फारच छान,’ असं मी म्हटलं होतं. तुम्ही किती वर्षं आहात, हे विचारलं नव्हतं. ती चूक माझी आणि ती मला आजही बोचते.

म्हणून ताईंच्या मुलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सहावीत माध्यम बदलू नका. तिला काय हवंय ते तिलाच विचारा, आईसमोर एकदा आणि एकटीला एकदा. बहुतेक मुलींना त्या वयात शांत बसून अभ्यास करायला जागा हवी असते, गणिताची शिकवणी हवी असते, चांगला चष्मा हवा असतो. तेवढं द्या. जी रक्कम इंग्रजी शाळेवर जाणार होती, ती बँकेत मुलीच्या नावावर मुदत ठेवीत टाका, पालक म्हणून आई. दहावीनंतर अकरावी, डिप्लोमा, नर्सिंग, जिथे खरी गळती होते, तिथे ती उपयोगी पडेल आणि तेव्हा हे लोक जर्मनीत असले तरी चालेल.

ताईंना आणखी लहान मूल असेल आणि ते प्रवेशाच्या वयाचं असेल, तर दुसरी वाट आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये पहिल्या पायरीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात, आणि आठवीपर्यंत फी लागत नाही. ही फी कुणा दात्यावर अवलंबून नाही, त्यामुळे दाता गेला तरी मूल शाळेत राहतं. त्यासाठी जन्माचा दाखला, राहण्याचा पुरावा, आणि जातीचा दाखला किंवा वर्षाला एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन, मग सोडत. ही मुलं मागे पडतात ती बहुतेक दाखल्यापायी. आईला सेतू कार्यालयात तीन-चार खेपा घालाव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला कुठल्यातरी घरचा खाडा होतो, पगार कापला जातो. तुमच्या पाहुण्यांनी ताईंना त्या दिवसांची भरपगारी सुट्टी दिली, तर ती फी भरण्याएवढीच मोठी मदत आहे. स्वस्त आहे म्हणून ती लहान समजू नका.

आता हेच घराबद्दल. वस्तीत जाण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात बघायला सांगा. पगार ठरलेल्या तारखेला, बँकेत. आठवड्याची सुट्टी. दिवाळीला एक पगार. आणि खास परदेशी घरांमध्ये होणारी एक गोष्ट: उन्हाळ्यात हे लोक सहा-सहा आठवडे मायदेशी जातात, नाताळात पुन्हा दोन-तीन. घर बंद म्हणून पगार बंद. ताईंचं घरभाडं काही बंद होत नसतं. या महिन्यांचा पूर्ण पगार द्यायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून सांगायचं. उचल दिली तर एका वहीत दोघींनी लिहायचं आणि हप्ता इतका लहान ठेवायचा की महिना निभावेल.

‘तुम्ही रेट बिघडवता’ असं शेजारी म्हणतील. त्याला घाबरायचं कारण नाही. पण दुप्पट-तिप्पट पगार देण्याच्या मी विरोधात आहे आणि कारण पुन्हा तेच. ते गेल्यावर ताईंना तेवढा पगार कुणी देत नाही, उलट ‘फॉरेनरकडे काम केलेली, परवडणार नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवतात. मी दोन बायकांना यातून जाताना पाहिलंय, दोघींनी तोवर मोठी खोली भाड्याने घेतली होती. त्यापेक्षा पगार परिसरातल्या चांगल्यात चांगल्या दराएवढा द्या आणि वरची रक्कम दर महिन्याला ताईंच्या नावाने आवर्ती ठेवीत भरा. तीन वर्षांनी हातात पुंजी येते, सवय बिघडत नाही.

ताईंची नोंद महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात झाली आहे का, तेही बघा. त्यासाठी २००८चा कायदा आहे, वय १८ ते ६० हवं, कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून नोंदणी होते आणि मालकाकडून काम करत असल्याचं लिहून लागतं. कितीतरी मालक सहीला कचरतात. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला, संघटना बांधली, तेव्हापासून या कामाला काम म्हणून मान मिळवण्याची लढाई चालू आहे. एक सही हा त्यातला आपला वाटा. आणि सोसायटीत कामवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट असेल, किंवा बागेतल्या बाकावर बसू देत नसतील, तर मासिक सभेत या बाईंनी विषय काढावा. परदेशी माणसाच्या शब्दाला आपल्याकडे जास्त वजन मिळतं. मला ते आवडत नाही, पण आहे, तर ते अशा कामी यावं.

कचऱ्याचंही सांगून ठेवा. पुण्यात घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद उचलतात. तिच्यामागे १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेचणारीचा हात त्यात जात नाही. सात वर्षांचं मूलसुद्धा हे काम रोज करू शकतं.

दवाखान्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण परदेशी कुटुंबांचे सर्वांत जास्त पैसे इथेच जातात आणि सर्वांत जास्त वाया इथेच जातात. रात्री ताईंचा फोन येतो, नवऱ्याला ॲडमिट केलंय, डिपॉझिट भरायचंय. हे लोक घाबरून कार्ड घासतात. घाबरणं मी समजू शकते, जीव वाचवायला आधी जे लागेल ते कराच. पण सकाळ झाली की बिल भरत बसण्याआधी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे जा. रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुसऱ्या. त्यासाठी रुग्णालयाच्या एकूण बिलांतून २ टक्के रक्कम वेगळी काढलेली असते. शिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहेच, यादीतल्या रुग्णालयात यादीतल्या उपचारांसाठी. या सगळ्याला रेशनकार्ड आणि आधार लागतं, आणि दोन्हींवरची नावं जुळावी लागतात.

एका परदेशी घरच्या मालकीणबाई त्यांच्याकडच्या ताईंबरोबर चार तास रुग्णालयातल्या त्या समाजसेवकाच्या खिडकीपुढे बसल्या होत्या. मराठी एक अक्षर येत नव्हतं. नुसत्या बसल्या, हातात फाइल धरून. ताई दोन दिवस एकट्या जात होत्या, तेव्हा ‘कोटा संपला’ हे उत्तर मिळत होतं. त्या दिवशी अर्ज घेतला गेला. बिलाचे पैसे त्या बाई सहज भरू शकल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी ताईंना वाट दाखवली आणि पुढच्या वर्षी जावेच्या ऑपरेशनला ताई स्वतः फाइल घेऊन गेल्या, कुणालाही न नेता. मला तो दिवस फार मोलाचा वाटतो.

आता पैसे गोळा करून संस्थेला देण्याबद्दल. इथे नीट ऐका, कारण चूक झाली तर भोगते ती संस्था. परदेशी देणगी नियमन कायदा २०१०चा. त्यात ‘परदेशी स्रोत’ या शब्दात परदेशी नागरिक येतो, आणि तो कुठे राहतो किंवा कुठल्या चलनात देतो याने फरक पडत नाही. म्हणजे तुमच्या पाहुण्यांनी पुण्यात मिळालेल्या पगारातून, रुपयांत, पुण्यातल्याच संस्थेला पाच हजार दिले तरी ती परदेशी देणगी झाली. ती घ्यायला संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी हवी. २०२०च्या दुरुस्तीनंतर हे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात, प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला देणं बंद आहे. ‘मोठ्या संस्थेतर्फे छोटीला देऊ’ ही जुनी वाटही त्यामुळे संपली.

छोट्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही. समोर बसून पाकीट पुढे केलं की संकोचाने घेतात. तेव्हा विचारायचं काम देणाऱ्याचं: नोंदणी आहे का, क्रमांक काय, मुदत कधीपर्यंत? नसेल तर ती संस्था वाईट ठरत नाही, पुण्यातल्या काही उत्तम संस्थांकडे ती नाही. मग दुसरी वाट तुमच्या हातात आहे, कारण तुम्ही कंपनीत आहात. तुमची कंपनी इथे नोंदलेली आणि कंपनी कायद्याच्या कलम १३५खाली येणारी असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के तिला सामाजिक कामावर खर्चावेच लागतात. परदेशी भांडवल मर्यादेत असलेल्या इथल्या कंपनीचा हा पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. हा खर्च (सीएसआर) ठरवणाऱ्या कंपनीच्या समितीपुढे या छोट्या संस्थेचं काम ठेवा. संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागेल, त्यात तुमच्या लेखा विभागातल्या कुणीतरी मदत करा. आणि पैसे तीन वर्षांसाठी मिळावेत म्हणून भांडा. एक वर्षाच्या पैशावर कुठलीही संस्था शिक्षिका नेमू शकत नाही.

ताईंच्या मुलीच्या नावावर ठेव ठेवणं ही वेगळी गोष्ट. ते माणसाने माणसाला दिलेलं आहे, संस्थेचा कार्यक्रम नव्हे, त्यात या नोंदणीचा प्रश्न येत नाही.

वस्तीत शिकवण्याबद्दल. बाई नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबित म्हणून आल्या असतील. बिनपगारी आहे म्हणून चालेल, असं समजू नका. नोंदणीकृत संस्थेत मानद काम करायलाही व्हिसावर तशी नोंद लागते, संस्थेच्या आणि जागेच्या नावासकट. आधी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. रुग्ण तपासायचे असतील तर फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेची नोंदणी हा वेगळा विषय. परवानगी मिळाली, तरी माझा सल्ला असा की त्यांनी आठवड्यातून एकदा इंग्रजी गाणी शिकवायला जाऊ नये. मुलं जीव लावतात. दर वर्षी कुणीतरी नवीन ‘दीदी’ येते आणि जाते, मग काही मुलं नवीन माणसाकडे बघायचंच सोडतात.

त्यांची विद्या वेगळी आहे, ती वापरावी. कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथे आल्या. व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं, शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात ते शिकवणारी शाळा सुरू केली. त्यामुळे विद्या इथल्या हातांत राहिली. तुमच्या बाईंनी इतकं मोठं काही करायला नको. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उचलायचं कसं, बसवायचं कसं, भरवताना मान कशी धरायची, हे एखाद्या संस्थेतल्या दहा कार्यकर्त्यांना आणि आयांना शिकवलं, तर त्या गेल्यावरही रोज कुणाची तरी पाठ वाचेल.

त्यासाठी मराठी हवी. आपल्याकडे परदेशातून येऊन खरोखर काही उभं करणाऱ्यांकडे बघा. शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन फलटणला आल्या त्याच मराठीचा अभ्यास करायला, मग तिथल्याच झाल्या. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट कासेगावात राहिल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. त्या गावच्या बोलीत बोलत, भांडत, ऐकत राहिल्या. तीन वर्षांत तेवढं होणार नाही, पण ‘बसा’, ‘दुखतंय का?’, ‘पुन्हा सांगा, समजलं नाही’ एवढं सहा महिन्यांत येतं. शिकवणी ताईंकडेच लावा आणि त्या वेळेचे वेगळे पैसे द्या. ज्या घरात ताई भांडी घासतात, त्या घरात आठवड्यातून दोन तास त्या शिकवणाऱ्या बाई होतात. यासारखं दुसरं काही नाही.

मुलं सिग्नलवरच्या मुलांबद्दल विचारतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना खोटं सांगू नका. ‘त्यांच्यामागे टोळी असते’ हे सर्रास सांगितलं जातं आणि त्याने मूल काच वर करायला शिकतं. बरीचशी कुटुंबं दुष्काळी भागातून आलेली, पुलाखाली राहणारी, फुगे-गजरे विकणारी असतात. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून अशाच मुलांची सिग्नल शाळा भरते, हे त्यांना सांगा. मी मुलांच्या हातात पैसे देत नाही, कारण कमावणारं मूल शाळेत जात नाही. मोठ्या माणसाकडून गजरा मात्र घेते. आणि नाव विचारते. मूल जखमी किंवा एकटं दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन. मुलांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकायचे नाहीत, ताईंच्या मुलीचासुद्धा नाही.

आणखी एक. ताई कधीतरी घरी बोलावतील. जावं, सगळ्यांनी जावं. एका जर्मन बाईंबरोबर मी अशी गेले होते. पत्र्याची दहा बाय दहाची खोली, आमच्यासाठी पलंगावर नवी चादर, कपबशा शेजारून आणलेल्या. एका बशीत सहा बिस्किटं मोजून मांडलेली. बाईंनी पाण्याच्या भीतीने चहा नको म्हटलं, अगदी नम्रपणे. ताईंचा चेहरा उतरला. मी हळूच सांगितलं, उकळलेला आहे, घ्या. त्यांनी घेतला, मग आणखी अर्धा कप मागितला. त्यानंतर ताईंनी पहिल्यांदा त्यांना काहीतरी विचारलं: ‘तुमची आई कुठं असते?’ तोवर तीन महिने फक्त मालकीणबाईच प्रश्न विचारत होत्या.

शेवटचे सहा महिने मात्र फक्त निघण्याच्या तयारीला द्या. ताईंना तारीख तेव्हाच सांगा, महिनाभर आधी नको. कामाचा दाखला इंग्रजी-मराठी दोन्हींत, दुसऱ्या घरी स्वतः जाऊन ओळख, प्रत्येक वर्षामागे अर्ध्या महिन्याचा तरी पगार सेवा-रक्कम म्हणून, ठेवीच्या पावत्या आईच्या हातात आणि एक झेरॉक्स मुलीच्या दप्तरात. जुने कपडे, खेळणी वस्तीत नेऊन वाटू नका, ताईंना आधी निवडू द्या, उरलेलं विकायचं की द्यायचं ते त्याच ठरवतील.

मी शनिवारी दुपारी तीननंतर वर्गावर असते. तुम्ही बाईंना घेऊन या, पत्ता संदेशात पाठवते. मराठी अजून येत नसली तरी चालेल, पण ताईंना विचारा येता का म्हणून आणि त्या आल्या तर तो त्यांचा कामाचा दिवस धरा.